आईला पायावर उभं करणाऱ्या अक्कांना

अक्का,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या आमच्या घरी न्हाणीत पाय घसरून आईचा खुबा मोडला. ऑपरेशन होऊन ती बेळगावात शहापूरला भावाकडे आली. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, "या वयात खुबा मोडला की माणूस उठत नाही, पडून राहू दे." आईनं ते मनावर घेतलं. पाय टेकायलाच तयार होईना.

तुम्ही आलात तेव्हा व्यायामाला हात घातला नाहीत. खाटेवर तिच्या शेजारी बसलात आणि औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलंत. कमरेच्या हाडातली खोलगट खाच, तीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा, गोळ्याखालची निमुळती मान. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बहुतेक वाहिन्या या मानेवरूनच वर जातात. मान मोडली की त्या तुटतात आणि गोळा मरू शकतो, म्हणून तो बदलावा लागला. तोवर आम्हाला हे कुणी फोड करून सांगितलं नव्हतं. मग तिचाच हात तिच्या नडगीवरून फिरवत म्हणालात, "मावशी, हाड जित्तं असतंय. वजन पडलं तरच घट्ट होतंय."

घरी कन्नड बोलणाऱ्या तुम्ही आईशी शेवटपर्यंत आमच्या मराठीत बोललात, याचं मोल मला फार वाटतं.

हाडात जुना भाग खाणाऱ्या आणि नवा भरणाऱ्या पेशी जन्मभर शेजारी-शेजारी राबतात. पाळी गेल्यावर बायकांत खाणाऱ्यांचा जोर वाढतो. त्यात माणूस अंथरुणाला खिळलं की हाडांवर भार पडत नाही आणि झीज आणखी वाढते. अंतराळात वजनच जाणवत नाही, तिथं धडधाकट अंतराळवीरांच्याही खुब्याचं हाड महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटतं, हे तुम्ही सांगितलंत आणि आई उठून बसली. "मग मी पडून का ऱ्हाऊ?" हा तिचा प्रश्न घरात अजून सगळ्यांना पाठ आहे.

ऑपरेशनमध्ये रक्त गेलं होतं, त्याची तिला धास्ती होती. ते पुन्हा कुठून यायचं? तर कमरेच्या, छातीच्या, मणक्याच्या हाडांतल्या लाल मगजातून. तांबड्या पेशी जेमतेम १२० दिवस जगतात, म्हणून हा कारखाना बंद पडतच नाही. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात हे मी शाळेत घोकलं होतं. पण शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठलेलं असतं, आणि रक्तात ते कमी पडलं की शरीर हाडांतूनच काढून घेतं, हे मला तुमच्याकडून कळलं. हृदय आणि स्नायू त्याच्याशिवाय चालत नाहीत ना! आमच्या भागात नाचणी पिकते, १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम देते, तरी पोरं तिला नाक मुरडतात. आईची आंबील मात्र आता चुकत नाही, सकाळचं ऊनही नाही.

वॉकर धरून तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तुमची मूठ तिच्या कमरेच्या पट्ट्यावर घट्ट आवळलेली होती आणि नजर तिच्या चेहऱ्यावर. "खाली बघू नका, समोर दाराकडं बघा." दारापर्यंत गेली ती. आता काठी घेऊन अंगणात फिरते. न्हाणीत भावानं धरायला दांडी बसवून घेतली, तीही तुम्ही बजावलंत म्हणूनच.

आमच्या वाडीत पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी बायका कंबर धरून भात लावणीला जातात. एखाद्या रविवारी याल का त्यांच्याशी बोलायला? बस थेट गावात येत नाही, भाऊ फाट्यावर न्यायला येईल. तुमच्यासाठी नाचणीचं पीठ आईनं वेगळं काढून ठेवलंय.

आपली,
मावशींची थोरली लेक
ता. खानापूर, जि. बेळगाव