ना टीव्ही ना गाणी

प्रिय पप्या,

तुझा मेसेज वाचला, खानावळीत मोठा टीव्ही लावायचाय आणि काका आडवे येतायत म्हणे. तुमच्या भांडणात मी पडत नाही बाबा, पण काल जिथे गेलो होतो तिथलं सांगतो.

इथे आयर्लंडच्या डब्लिनमध्ये ग्लासनेव्हिनचं कब्रस्तान आहे, अवाढव्य, आत पंधराएक लाख माणसं पुरलीयेत, शहरात आज जिवंत आहेत त्यापेक्षाही जास्त! पार्नेल, मायकल कॉलिन्स असे मोठे आयरिश पुढारी सगळे तिथेच. त्याच्या जुन्या गेटला खेटून जॉन कॅव्हनाचा पब. पाटीवर मालकाचंच नाव पण बोलताना सगळे म्हणतात ग्रेव्हडिगर्स, म्हणजे कबरी खणणारे. कब्रस्तान सुरू झालं १८३२ ला आणि पब १८३३ ला, गिऱ्हाईक कुठून येणार हे बरोबर हेरलेलं बघ. काढला ओ'नील नावाच्या माणसाने, मग त्याच्या मुलीचं जॉन कॅव्हनाशी लग्न झालं आणि पब जावयाकडे गेला, तेव्हापासून पिढ्यानपिढ्या त्याच घरात आहे. त्या दोघांना पोरं किती, तर २५! मी दोनदा विचारलं.

कबरी खणणारे काम करता करता भिंतीवर ठोकायचे किंवा खडा मारायचे, की इकडून ग्लास पोचते व्हायचे, असं सांगतात. आणि मयतीला आलेली मंडळी आधी पबात घुसायची, मढं बाहेर ताटकळत, शेवटी कब्रस्तानवाल्यांनी दफन दुपारच्या आत उरकायचा नियम काढला म्हणे. पुढे मेन गेटच दुसरीकडे हलवलं, म्हणजे येणारी गर्दी तुटली. आपल्याकडे एसटी स्टँड हलला की हॉटेलं कशी बसतात तसं. पण हे बसले नाहीत.

आत शिरलास की जुनं लाकूड, झिजलेली फरशी, आणि आवाज म्हणजे फक्त माणसं बोलतायत तो, कारण टीव्ही नाही, गाणी नाहीत, कोणी गायला लागलं तरी चालत नाही. बारवाल्याने ग्लास तिरका धरून गिनेस, म्हणजे इथली काळी बिअर, पाऊण भरला आणि सरळ ठेवून दिला, मी हात पुढे केला तर नुसती मान हलवली, मग तो तपकिरी ढग खाली खाली जात काळा होईपर्यंत दोघंही त्या ग्लासाकडे बघत बसलो, मग वरचं भरलं. शेजारचे आजोबा माझ्यावर हसले आणि तिथून जे बोलायला लागले ते दीड तास, वरची निम्मी माहिती त्यांचीच.

खायला कॉडल घेतलं, सॉसेज, बेकन, बटाटे, कांदा सगळं एकत्र उकडलेलं. दिसायला अगदी पांढरट, तिखट नावाला नाही, काकूंनी बघितलं तर आधी फोडणी देतील. पण थंडीत बरं वाटलं.

काकांना नमस्कार सांग. टीव्ही घेतलासच तर किती इंची ते कळव.

तुझा,
मन्या