जुबाला समुद्री बंदर नाही, हे तुमच्या निर्यात विभागाला कोणीतरी सांगा

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय: मोंबासामार्गे जुबाला (दक्षिण सुदान) पाठवलेली दूधपावडर, २५ किलोच्या गोण्या व ४०० ग्रॅमचे पाऊच. भरपाईची मागणी.

महोदय,

तुमच्या निर्यात विभागाचा शेवटचा फोन ठेवून हे लिहायला घेतलं आहे. यापुढे जे काही असेल ते लेखी.

आधी कागद. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) ‘कार्गो इन ट्रान्झिट टू साउथ सुदान’ ही ओळ हवी, असं खरेदी-आदेशात ठळक अक्षरांत होतं. ती ओळ नाही. त्यामुळे केनियाच्या कस्टम्सच्या लेखी हा माल मोंबासातच खपणारा. मग मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) दुरुस्त करून घ्या, शिपिंग लाइनचं पत्र मिळवा, ते आल्याशिवाय ट्रान्झिट बाँड (माल देशाबाहेर जाईल याची कस्टम्सला दिलेली हमी) पुढे सरकत नाही. तोवर मोफत दिवस संपतात आणि बंदराचं भाडं व कंटेनरचं डिटेन्शन (तो उशिरा परत केल्याचा आकार) दोन्ही डॉलरमध्ये चढत राहतात. जुबात डॉलर मिळवणं हेच मुळात अर्धं काम असतं.

शिवाय दोन्ही मालांना इन्व्हॉइसवर एकच एचएस कोड (कस्टम्सचा माल-वर्गीकरण क्रमांक), ०४०२.२१. गोण्यांत संपूर्ण दुधाची पावडर आहे, तिला तो बरोबर. पाऊचमध्ये मलईविरहित दूध आणि पाम तेल आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तुम्हीच तसं छापलं आहे. तो माल १९०१.९० मध्ये जातो. कोडेक्सचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांचं, त्यासाठी वेगळं मानक आहे (२५१), आणि दुधाच्या पावडरीचं वेगळं (२०७). दर्शनी बाजूला मात्र ‘फुल क्रीम’! दक्षिण सुदानच्या सीमेवर, निमुलेच्या नाक्यावर इन्व्हॉइस आणि पाऊच शेजारी ठेवले की विसंगती कोणालाही दिसते, आणि चुकीच्या घोषणेचा दंड आयातदाराच्या नावावर पडतो.

आता माल. मोंबासाहून निघालेला ट्रक केनियातल्या टिंबोरोआच्या घाटात समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटरवर चढतो. तिथे हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या जेमतेम ७० टक्के. तुम्ही पाऊच नायट्रोजनने टम्म फुगवून कार्टनमध्ये दाबून बसवलेत. वर गेल्यावर आतला वायू फुगणारच, आणि फुगायला जागा नसेल तर सीलवर ताण येणारच. त्यातून भरताना उडालेली पावडर सीलच्या पट्टीत अडकलेली. उघडून पाहिलेल्या पाऊचपैकी गळके निघाले त्या बहुतेकांत फट तिथेच आहे. नायट्रोजन कमी भरा, कार्टनमध्ये बोटभर जागा सोडा, सीलची पट्टी पुसली जाईल अशी सोय करा. हे तुमच्या पॅकिंग विभागाला शिकवायची वेळ ग्राहकावर यावी?

गोण्यांची गत त्याहून वाईट. पॅलेट, म्हणजे गोण्यांखालच्या फळ्यांच्या चौकटी, ओल्या लाकडाच्या होत्या. दिवसा पत्रा तापून लाकडातली वाफ बाहेर पडते, घाटातल्या थंड रात्री ती छताला लागून पाणी होते आणि वरच्या थरावर ठिबकते. यासाठी ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या लटकवतात आणि वरच्या थरावर क्राफ्ट कागद अंथरतात. आदेशात दोन्ही होतं, कंटेनरमध्ये एकही नव्हतं. आतल्या पॉलिथिन पिशवीचं तोंड सीलबंद करण्याऐवजी नुसतं दुमडलेलं. वरच्या दोन थरांतल्या गोण्यांच्या ढेपा झाल्या आहेत.

यावर तुमच्या अधिकाऱ्याने काय विचारावं? “सर, जुबा पोर्टवर माल उतरतानाचे फोटो पाठवा, जहाजाचं नाव दिसेल असे.” जुबा समुद्रापासून हजारावर किलोमीटर आत आहे, तिथे समुद्री जहाज येत नाही, असं सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग, “मग फोटो नाहीत असं लिहू का?” लिहा म्हटलं. पुढे म्हणाले, “कराराप्रमाणे तक्रार माल उतरल्यापासून सात दिवसांत हवी.” उतरला मोंबासात. तिथून दक्षिण सुदानच्या सीमेपर्यंत कंटेनरवर इलेक्ट्रॉनिक सील असतं. वाटेत ते तोडणं म्हणजे बाँड बुडवणं. म्हणजे माल पाहायला मिळण्याआधीच तक्रारीची मुदत संपते. हे समजावून सांगितल्यावर आलेलं उत्तर शब्दशः देतो: “सर, चाळून घ्या ना. तिकडच्या मार्केटमध्ये चालून जाईल.”

चालून जाईल! भिजलेल्या पावडरीतला लॅक्टोज (दुधातली साखर) आधी चिकट होतो, मग त्याचे स्फटिक बनतात, आणि कणाच्या आत कोंडलेली चरबी बाहेर येऊन खवट होते. चाळणीने ढेप फुटते, खवटपणा जात नाही आणि पावडर पाण्यात नीट विरघळतही नाही. कोडेक्सची ओलाव्याची मर्यादा ५ टक्के आहे. तुमच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर त्याहून कमी आकडा आहे, फक्त त्यावरचे बॅच क्रमांक गोण्यांवरच्या क्रमांकांशी जुळत नाहीत. आणि ‘तिकडचं मार्केट’ म्हणजे कोण? ताजं दूध टिकवायला वीज नसलेली घरं. तीच पावडर पोरांच्या पेल्यात जाते. इतक्या वर्षांत तुमच्या मालाबद्दल दुकानदारांना जी खात्री दिली, ती कोणाच्या जोरावर दिली असं आता वाटतं.

भरपाई म्हणून पुढच्या ऑर्डरच्या बिलातून वजावट, म्हणजे क्रेडिट नोट, नको. पुढची ऑर्डर आहे हे कोणी ठरवलं? ढेप झालेल्या गोण्या आणि गळके पाऊच यांची किंमत, मोंबासातलं भाडं व डिटेन्शन, निमुलेचा दंड आणि खराब माल नष्ट करण्याचा खर्च डॉलरमध्ये परत हवा. माल परत पाठवा असं सुचवू नका. त्यासाठी युगांडा आणि केनियातून पुन्हा ट्रान्झिट काढावं लागेल, आणि बिल ऑफ लेडिंगवर ट्रान्झिटची ओळ लिहिणं तुम्हाला जमत नाही हे सिद्ध झालेलं आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास पंचनामा, फोटो आणि तो फोन संवाद दक्षिण सुदानच्या मानक विभागाकडे आणि तुमच्या निर्यात तपासणी यंत्रणेकडे जाईल. फोटोंत जहाज नसेल.

आयात विभाग, जुबा