रविवारी देवमासे बघायला बोटीवर येणाऱ्यांसाठी, आधी वाचा
मंडळी, हे वाचूनच या म्हणजे तिथे ओरडाओरडा नको. देवमाशापासून किमान १०० मीटर लांब राहायचं, डॉल्फिनपासून ५०, तिथला नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा, आणि बोट समोरून किंवा मागून कधीच घालायची नाही, बाजूने समांतर आणि हळू. पिल्लू सोबत असेल तर अजून लांब. 'जरा जवळ घ्या ना' म्हणत बोटवाल्याच्या मागे लागू नका प्लीज, दरवेळी कोणीतरी असतंच! देवमासा स्वतःहून जवळ आला तर इंजिन न्यूट्रलला, आणि आपण गप्प.

शोधताना आधी फवारा बघा (देवमासा श्वास सोडतो तेव्हा उडतो तो), समुद्र शांत असला की खूप लांबूनही दिसतो. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचा पुढे आणि डावीकडे तिरका उडतो, हंपबॅक जातीच्या देवमाशाचा झुडपासारखा फुगीर. हंपबॅकची शेपटी पूर्ण वर आली म्हणजे खोल बुडी, मग वाट बघत बसा.

दुर्बीण ७ पटीची बरी, जास्त पॉवरची बोटीवर नुसती हलते. ड्रोन घरीच ठेवा. उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही.