बाबा, हे ढोंग नाही

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मनात राग धगधगत असताना नुसत्या ओठांनी भावासाठी प्रार्थना करायची, हे ढोंग नाही का?" फोनवर दोन वाक्यांत संपवण्यासारखा हा विषय नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी एक सांगते. काकांनी आजोबांच्या कागदांवर खोटी सही केली, हे चूक होतं आणि आजही चूकच आहे. शत्रूवर प्रीती करायची म्हणजे "जाऊ द्या, एवढं काही झालं नाही" म्हणायचं, असं समजणारी माणसं आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटतात. मला ते पटत नाही. काही झालंच नसेल तर क्षमा कशाची करायची? 1999च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला कुष्ठरोग्यांची सेवा करणारे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारलं, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. तरीही खटला चालला, शिक्षा झाली. त्या मात्र पुढेही काही वर्षं ओडिशातच राहून कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. न्याय न्यायालयावर सोडला आणि आपलं मन द्वेषाच्या ताब्यात जाऊ दिलं नाही. म्हणूनच तुम्ही वकिलांकडे दिलेले कागद परत घ्या, असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात सांगितलंय, वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तर ते त्याच्याकडे नेऊन पोचवायचं. आपला द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर तसंच पुढे निघून जायचं नाही, त्याच्याबरोबर हात लावून ते सोडवायचं. त्या वेळी त्याच्याविषयी मनात काय वाटलं पाहिजे, याबद्दल तिथे एक अक्षरही नाही. बोलणं बंद असलेली दोन माणसं एका जनावराच्या दोन बाजूंना उभी राहून जोर लावताहेत, हे चित्र मला फार आवडतं. देवाने त्यांच्याकडे आधी गोड भावना मागितली नाही. हात मागितले. म्हणून बाबा, राग असताना केलेली प्रार्थना ढोंग नाही. ते आज्ञापालन आहे, आणि मला वाटतं, मन हलकं असताना केलेल्या प्रार्थनेपेक्षा ते जास्त महागात पडतं.

शिवाय रागही देवापासून लपवायला नको. 109वं स्तोत्र उघडून बघा. शत्रूची मुलं पोरकी होवोत, इथपर्यंत त्यात मजल गेली आहे. ते शब्द पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकले नाहीत. तुमची प्रार्थना तिथून सुरू झाली तरी देव ऐकून घेईल. फक्त तो राग त्याच्या हातात द्या, काकांच्या दारात नेऊ नका.

आई, तू विचारलं होतंस की लूकच्या शुभवर्तमानातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली ती गोष्ट, आपल्या घराला कसा लागू पडतो. मला त्याच्या आधीचा अध्याय वाचताना एक गोष्ट लक्षात आली. नवव्या अध्यायात एक शोमरोनी गाव (शोमरोनी आणि यहुदी यांचं वैर होतं) येशूला थारा देत नाही. त्याचे शिष्य याकोब आणि योहान चिडून विचारतात, आकाशातून अग्नी पाडायचा का? येशू त्यांना दटावतो. आणि दहाव्या अध्यायात, यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाजवळ मदतीला तो कुणाला थांबवतो? शोमरोन्याला! ज्या लोकांनी दार बंद केलं त्यांच्यातल्याच एकाला त्याने दाखल्यात मोठं केलं. येशू मनात हिशेब ठेवत नाही, हे मला तिथे दिसलं. काकांविषयी आपल्या घरात फक्त ती एक सही आठवली जाते. तुझ्या आजारपणात रात्ररात्र जागणारे तेच काका होते, हेही खरं आहे ना?

"आपल्यासारखी शेजाऱ्यावर प्रीती कर" ही आज्ञा लेवीय या पुस्तकातली, 19:18 मधली. त्याच वचनाची सुरुवात सूड घेऊ नको, मनात दावा धरू नको, अशी आहे. आणि त्याच्या आधीच्या वचनात शेजाऱ्याची चूक त्याला स्पष्ट सांगायला सांगितलंय. म्हणजे मनात कुढत बसण्यापेक्षा समोर बोलणं देवाला चालतं. येशूला एकच मोठी आज्ञा विचारली होती, त्याने दोन सांगितल्या, कारण पहिली दुसरीपासून तोडता येत नाही. दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही तर न दिसणाऱ्या देवावर कशी असेल, असं योहान आपल्या पत्रात विचारतो. ते वाक्य मी वाचते तेव्हा मलाही टोचतं.

आई म्हणते, प्रभुभोजनाच्या रविवारी तुम्ही भाकर आणि प्याला न घेता मागच्या बाकावर बसून राहता. बाबा, तुम्ही हे किती गंभीरपणे घेता ते मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला तुमचा अभिमान वाटतो. पण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जाऊन समेट कर, एवढंच सांगून येशू थांबलेला नाही. मग येऊन अर्पण कर, असंही म्हटलंय. तुम्ही परत यावं अशी त्याची इच्छा आहे. ज्या रात्री त्याने भाकर मोडली, त्या रात्री त्याला धरून देणाऱ्या यहूदाचे पायही त्याने धुतले होते.

काकांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. तुम्ही भेटायला जावं की नाही, हे तुम्हीच ठरवा. त्याआधी रोज एकदा त्यांचं नाव घेऊन देवाजवळ त्यांच्यासाठी एखादी चांगली गोष्ट मागा. फक्त तब्येत मागितलीत तरी चालेल. शनिवारी संध्याकाळी मी फोन करते, तिघं मिळून प्रार्थना करू. जमलं नाही तर तुम्ही नुसते ऐका, मी आणि आई करू.

आई, काकूंचा नवा नंबर मला पाठव. मलाही त्यांच्याशी बोलायचं आहे.

तुमची लेक