रक्ताचे नमुने किन्शासाचे, शोधनिबंध परक्यांचे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गरीब देशांवरील संशोधनाच्या बातम्यांत तज्ज्ञ म्हणून नाव येते ते बहुधा युरोप-अमेरिकेतील विद्यापीठाचे. या सवयीमुळे किती मोठा अन्याय होतो, हे इबोला या जीवघेण्या विषाणूजन्य तापाच्या इतिहासात दिसते. १९७६ मध्ये तत्कालीन झाईरमधील (आताच्या काँगोतील) यांबुकू येथे अनोळखी ताप पसरला, तेव्हा काँगोचेच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ज्यां-जाक मुयेम्बे तेथे गेले, हातमोजे नसताना त्यांनी रुग्णांचे रक्त काढले आणि आजारी पडलेल्या एका बेल्जियन ननला राजधानी किन्शासाला आणले. तिच्या रक्ताचा नमुना बेल्जियममधील अँटवर्पला गेला, कारण असा विषाणू ओळखू शकणारी प्रयोगशाळा किन्शासात नव्हती. तेथील शास्त्रज्ञांचे काम मोलाचे होते, यात शंका नाही. पण शोधाची कथा पुढे कित्येक वर्षे मुयेम्बे यांना वगळून सांगितली गेली.

१९९५ च्या काँगोतील किक्वित येथील इबोलाच्या साथीत मुयेम्बे यांनी बऱ्या झालेल्यांचे रक्त आठ रुग्णांना दिले आणि त्यांपैकी सात वाचले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. तरीही तो प्रयोग नीट करून पाहण्याऐवजी बाजूला ठेवला गेला, हे मला अक्षम्य वाटते. पुढे त्याच साथीतून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तातील प्रतिपिंडापासून (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनापासून) अमेरिकेत औषध विकसित झाले आणि २०२० मध्ये त्याला तेथे मान्यता मिळाली. त्याची चाचणी काँगोतच झाली आणि तिच्या नेतृत्वात मुयेम्बे होते. रक्ताचे नमुने यापुढे देशातच राहतील, असा आग्रहही त्यांनी धरला.

स्थानिकांच्या हाती प्रश्न, पाहणी आणि लेखन तिन्ही असले की काय घडते, हे गडचिरोलीने दाखवले आहे. गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्या गावांतील नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला होता.

मात्र असे लेखन जगापुढे नेण्याचा खर्चही आडवा येतो: लेख सर्वांना खुला ठेवण्यासाठी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०२० मध्ये ९,५०० युरो शुल्क जाहीर केले. म्हणून परदेशी निधीच्या प्रकल्पांना परवानगी देताना स्थानिक संशोधकांचे सहलेखकत्व, नमुन्यांवरील हक्क आणि प्रकाशनाचा खर्च या तिन्ही बाबी आपल्या विद्यापीठांनी करारात लिहून घ्याव्यात, आणि आपल्या दैनिकानेही अशा बातम्यांत तेथील संशोधकांची नावे आवर्जून द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, सातारा