हरिहरेश्वरच्या काकांना

ती. काका,
सा. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण गावातलं कुणीही हे पत्र वाचून तुम्हालाच आणून देईल.

कालभैरव आमचं कुलदैवत. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर आणि परत कालभैरव, हा दर्शनाचा क्रम आईला लहानपणापासून पाठ. तिला या वयात एकदा देवळामागची प्रदक्षिणा करायची होती. पायऱ्या चढून जायचं, दोन कड्यांच्या फटीतून खाली उतरायचं आणि समुद्राच्या कडेने कातळावरून वळसा घालून परत यायचं. भरतीत त्या वाटेवर लाटा येतात, माणसं वाहून गेली आहेत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सकाळी आम्ही निघालो तेव्हा तुम्ही थांबवलंत आणि तिथी विचारलीत. अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. "अकराला निघू, मी येतो बरोबर," म्हणालात.

आणि खरंच आलात. उतारावर आईचा हात धरलात, शेवाळं कुठे आहे ते आधीच सांगत होतात. वामनाचं पाऊल, बळीराजा, ब्रह्मा-विष्णू-महेश आणि पार्वतीची लिंगं, पहिल्या बाजीरावांनी 1723 साली केलेला जीर्णोद्धार, सगळं चालता चालता सांगितलंत. कातळाला पडलेली जाळी बघून मुलीने ही कुणी कोरली म्हणून विचारलं. खारं पाणी आणि वाऱ्याने दगड असा झिजतो, हे तुम्ही तिला नीट समजावलंत आणि पुढच्याच वळणावर विष्णुपदाशी हात जोडलेत. दोन्ही तितक्याच मनापासून. मुलीला देवळाची ओळख अशा माणसाकडून झाली, याचं मला फार समाधान आहे.

दक्षिणाही घेतली नाहीत. आई घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्याबद्दल सांगते आणि पाऊणपटीचं गणितही शिकवते.

कार्तिकात धाकटा भाऊ सहकुटुंब येतोय, द्वादशीला. आमच्या हिशोबाने नऊला भरती, तीनला सुकती. बरोबर आहे ना, तेवढं कळवा. आणि जमलं तर त्यांच्याबरोबरही चला.

आईचा नमस्कार, मुलीचा शिरसाष्टांग.

तुमचा,
पुण्याचा यात्रेकरू