वर्णाची अट आणि चेहऱ्यावरची ट्यूब

मा. संपादक,
महोदय,

लग्नसराई जवळ आली की सांगली-मिरजेच्या मेडिकल दुकानांत रिकामी ट्यूब पुढे करून ‘हीच द्या’ म्हणणाऱ्या मुली वाढतात. सोबत बहुधा आई किंवा मावशी. ट्यूबचे नाव पार्लरमधून किंवा मैत्रिणीकडून कळलेले असते. ती ‘गोरेपणाची क्रीम’ नसून औषध असते : रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, ‘अ’ जीवनसत्त्वापासूनचे ट्रेटिनॉइन आणि त्यांच्या जोडीला मोमेटासोन नावाचे स्टेरॉइड. वांगावर, फक्त रात्री, डागापुरते लावून काही आठवड्यांत थांबवायचे हे मिश्रण अख्ख्या चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळले जाते.

फसगत होते ती सुरुवातीला गुण येतो म्हणून. स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य कमी तयार होते, चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा उमटतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. लावणे बंद केले की आग आणि लाली सुरू. मग ‘क्रीम सोडल्यामुळेच चेहरा बिघडला’ असे वाटून मुलगी पुन्हा तीच लावते, आणि स्वतःचा मूळ सावळा रंगच तिला आजार वाटू लागतो. अशा कातडीला हळदी समारंभातली हळदही झोंबते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. तरी ती सर्रास हातावर ठेवली जातात. औषध व्यवसायाला हे शोभत नाही.

पालकांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही दिसले तर ते स्टेरॉइड समजावे. फार दिवस लावले असेल तर घरच्या घरी एकदम तोडू नये. त्वचारोगतज्ज्ञ ते टप्प्याटप्प्याने सोडवतात. ट्रेटिनॉइन गरोदरपणात वर्ज्य आहे, आणि लग्नाआधी सुरू झालेली ट्यूब लग्नानंतरही चालूच राहते. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर नसलेली डबी तर घेऊच नये. अशा डब्यांत पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. लघवीला फेस येत असेल, घोटे सुजत असतील तर लघवीतील प्रथिनांची तपासणी लगेच करावी.

आता आपल्या अंकाविषयी. रविवारच्या वधू-वर जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द हमखास असतात. मुलाच्या वर्णाबद्दल मात्र अवाक्षर नसते, पॅकेज तेवढे असते! जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या (एएससीआय) २०१४ च्या नियमांनुसार सावळ्या रंगाला कमी लेखणारी गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात चालत नाही. मग लग्नाच्या जाहिरातीत ती अट का चालावी? वर्ण आणि बांधा यांचा उल्लेख असलेला मजकूर खिडकीवरच परत करावा. शिक्षण, नोकरी, गाव, शेती, अपेक्षा एवढे छापूनही चार ओळी सहज भरतात.

– एक औषधविक्रेता, विश्रामबाग, सांगली